तहाच्या चित्रातली दोन मुले



चिकपेटचे नाव काढले की मराठी माणसाला आधी शहाजीराजे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. १६३८ च्या सुमारास आदिलशाही फौजांनी बंगळूर घेतले, ते राजांच्या जहागिरीत आले, आणि पुढची जवळपास पन्नास वर्षे ही पेठ भोसल्यांकडे होती. पण आजचा विषय शहाजीराजे नाहीत. त्यांच्यानंतर दीडशे वर्षांनी याच पेठेच्या वेशीवर एक लढाई झाली. त्या लढाईची चित्रे निघाली. त्या मोहिमेच्या शेवटी दोन लहान मुले शत्रूच्या स्वाधीन झाली, त्यांचीही चित्रे निघाली, आणि ती जगभर गाजली. त्या मुलांना स्वतःला काय दिसले, हे मात्र आपल्याला कुणी दाखवलेले नाही. युद्ध आणि परागंदा होणे मुलाच्या डोळ्यांना कसे दिसते, आणि ते इतिहासात कसे उतरते किंवा उतरत नाही, यावर आज बोलू.

आधी जागा समजून घेऊ. फौजी माणूस नकाशाशिवाय बोलू शकत नाही, तेव्हा एवढे सहन करा. १५३७ साली केंपेगौडाने ही पेठ वसवली तेव्हा दोन मुख्य रस्ते आखले. उत्तर-दक्षिण जाणारा दोड्डपेट, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड. पूर्व-पश्चिम जाणारा चिकपेट. आज जिथे रेशमी साड्यांची दुकाने आहेत आणि हातगाडीवाल्याच्या धक्क्याशिवाय चार पावले चालता येत नाहीत, तोच हा रस्ता. पेठेच्या दक्षिणेला किल्ला. पेठेभोवती खंदक आणि त्याला लागून काटेरी झाडाझुडपांचे दाट कुंपण. आत शिरायचे तर वेशींतूनच. पूर्वेकडची हलसूर वेस त्यातली महत्त्वाची.

१७९१ च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवालिस फौज घेऊन इथे आला. टिपू सुलतानाविरुद्धचे हे तिसरे युद्ध. ७ मार्चला इंग्रजांनी पेठेच्या वेशीवर हल्ला चढवला. वेस फोडताना त्यांचा तोफखान्याचा लेफ्टनंट कर्नल मूरहाउस पडला. पेठ गेली. टिपूच्या फौजेने ती परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. मग दोन आठवडे किल्ल्यावर तोफा चालल्या आणि २१ मार्चच्या रात्री तटाच्या खिंडारातून इंग्रज आत शिरले. किल्लेदार बहादूर खान लढता लढता मारला गेला. त्या खिंडाराची आठवण सांगणारी दगडी पाटी आजही किल्ल्याच्या परिसरात आहे.

या फौजेबरोबर रॉबर्ट होम नावाचा एक इंग्रज चित्रकार होता. त्याच वर्षी तो मद्रासला उतरला होता आणि मोहिमेसोबत हिंडत होता. त्याने म्हैसूर राज्यातले किल्ले, डोंगर, दऱ्या यांची रेखाटने केली. १७९४ साली त्यांचे पुस्तक लंडनला छापले गेले. त्याचे एक मोठे तैलचित्र पेठेच्या वेशीवरचे आहे. विषय, मूरहाउसचा मृत्यू. मरणाऱ्या कर्नलभोवती त्याचे सोबती जमले आहेत. चित्र उत्तम आहे. आपल्या अधिकाऱ्याला मान कसा द्यावा, हे कोणत्याही फौजेने त्यावरून शिकावे. पण ते पाहताना एक प्रश्न पडतो. ती एक भरलेली पेठ होती. विणकर, कासार, धान्याचे व्यापारी, त्यांची घरे, त्यांच्या बायका-मुले. ती मुले ७ मार्चला कुठे होती? दोड्डपेटेतून किल्ल्याकडे पळाली, की आदल्याच दिवशी बैलगाडीत बसून गावाला गेली? चित्रकाराला ते सांगायचे नव्हते, आणि त्याच्याकडून कुणी ते मागितलेही नव्हते.

आता या गोष्टीतला आपला वाटा. या युद्धात मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने होते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घालून ते घेतले. मे १७९१ मध्ये कॉर्नवालिस श्रीरंगपट्टणापर्यंत जाऊन माघारी फिरला तेव्हा त्याचे बैल मेले होते आणि शिपाई अर्धपोटी होते. मेलुकोटेजवळ त्याला परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके येऊन मिळाले. मराठी लष्कराबरोबर चालणारा बाजार भरलेला होता. त्या बाजाराने इंग्रजी फौज जगवली. रसद म्हणजे काय ते ज्याने पाहिले आहे, त्याला या मदतीचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणाला शेवटचा वेढा पडला तेव्हा हरिपंत तिथे होते. तहात मराठ्यांनाही मुलूख मिळाला आणि खंडणीचा हिस्साही मिळाला. म्हणून पुढे जे सांगतो, ते दुसऱ्या कुणाची गोष्ट समजून ऐकू नका.

तहाच्या अटी अशा. टिपूने निम्मे राज्य सोडायचे. तीन कोटी तीस लाख रुपये द्यायचे, अर्धे लगेच आणि उरलेले हप्त्यांनी. हप्ते फिटेपर्यंत दोन मुलगे ओलीस ठेवायचे. अब्दुल खालिक आणि मुइझुद्दीन ही त्यांची नावे. मोहिमेत हजर असलेल्या मेजर डिरोमने थोरल्याचे वय सुमारे दहा आणि धाकट्याचे सुमारे आठ लिहिले आहे. २६ फेब्रुवारी १७९२ रोजी हत्तीवरून ही मुले किल्ल्याबाहेर आली. तोफांची सलामी झाली. अंगात पांढरी मलमल, डोक्यावर लाल पागोटी, गळ्यात मोत्यांचे सर. टिपूच्या वकिलाने मुलांना कॉर्नवालिसच्या हाती देताना सांगितले, की आता यांचे वडील तुम्हीच. कॉर्नवालिसने दोघांना जवळ बसवले आणि एकेक सोन्याचे घड्याळ दिले.

रॉबर्ट होमने हा प्रसंगही रंगवला. हे चित्र आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. कॉर्नवालिस धाकट्याचा हात धरून उभा आहे, भोवती इंग्रज अधिकारी आणि टिपूचे लोक आहेत. डाव्या कडेला होमने स्वतःलाही काढले आहे, काखेत चित्रांची वही घेऊन. मी हे पाहिले, माझ्यावर विश्वास ठेवा, असे तो सांगतो आहे. पुढे लंडनमध्ये मॅदर ब्राउन, हेन्री सिंगलटन अशा चित्रकारांनीही हाच देखावा काढला. त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. या चित्रांचे छापे निघाले आणि घराघरांत लागले. कारण विषयच तसा होता. तोफा, प्रेते, लुटलेली घरे यांच्याऐवजी एक दयाळू सेनापती आणि दोन गोड मुले. युद्ध करणाऱ्याला स्वतःची जी प्रतिमा आवडते, ती याहून चांगली कुठे मिळणार?

मुले मद्रासला नेली गेली. १७९४ मध्ये हप्ते फिटल्यावर कॅप्टन डव्हटनने त्यांना देवनहळ्ळीला टिपूच्या हवाली केले. देवनहळ्ळी म्हणजे आपल्या आजच्या विमानतळाशेजारचे गाव, टिपूचे जन्मगाव. पाच वर्षांनी, १७९९ मध्ये, टिपू पडला आणि सगळे कुटुंब वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवले गेले. १० जुलै १८०६ ला वेल्लोरच्या शिपायांनी उठाव केला. संशयाचा रोख मुइझुद्दीनवर गेला आणि कुटुंबाची रवानगी कलकत्त्याला झाली. म्हणजे ज्यांच्या डोक्यावरून हात फिरवल्याचे चित्र भिंतीभिंतीवर लागले, त्या मुलांचे आयुष्य श्रीरंगपट्टण, मद्रास, वेल्लोर असे परक्यांच्या पहाऱ्यात गेले. त्या आयुष्याचे चित्र मात्र कुणी छापले नाही.

हे काही इंग्रजांनीच केले असेही नाही. पुरंदरच्या तहानंतर, १६६५ मध्ये, संभाजीराजे आठ वर्षांचे असताना मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत ओलीस होते. पुढच्याच वर्षी आग्रा, आणि तिथून सुटताना मथुरेत परक्या घरी राहणे. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाईंबरोबर सात वर्षांचे शाहूराजे मोगलांच्या हाती लागले आणि १७०७ पर्यंत बादशाही छावणीबरोबर फिरत राहिले. अठरा वर्षे. सगळे लहानपण आणि तरुणपण. बखरींत तह आहेत, नजराणे आहेत, सुटकेच्या युक्त्या आहेत. मुलाला रात्री कोणत्या आवाजाने जाग यायची, ते नाही. चित्र काढणारे त्या काळातही होते. श्रीरंगपट्टणाच्या दरिया दौलत बागेत भिंतभर युद्धाचे चित्र आहे. १७८० ची पोल्लिलूरची लढाई, इंग्रजांचा पराभव, पालखीत बसलेला जखमी कर्नल बेली. टिपूची मुले त्या राजधानीत वाढली. तेही चित्र मोठ्यांनी मोठ्यांसाठी काढलेले, विजयाचे.

लढाई आणि चित्रकला यांचे नाते फौजेला नवीन नाही. आम्हाला नकाशावाचनाबरोबर समोरच्या प्रदेशाचे रेखाटन शिकवत. टेकडीची रेघ, एकटे झाड, पूल, शत्रूची संभाव्य मोर्चाची जागा, अंतर, दिशा. चांगल्या रेखाटनात अनावश्यक काही नसते. आणि माणसे अनावश्यक धरली जातात. गाव म्हणजे चार चौकोन, त्यात आडोसा किती मिळेल एवढेच पाहायचे. ते तसेच हवे, त्याशिवाय काम होत नाही. पण त्याच चार चौकोनांपैकी एकात बसलेल्या मुलाच्या हाती पेन्सिल दिली, तर ते नेमके आपण वगळलेले काढते. आई, कुत्रा, चुलीवरचे भांडे, दार. आणि विमान घराएवढे मोठे, कारण भीती घराएवढी असते.

हे मी अंदाजाने सांगत नाही. विसाव्या शतकात लोकांनी मुलांच्या हाती खरोखर कागद दिला. स्पेनच्या यादवी युद्धात घरदार सोडाव्या लागलेल्या मुलांची साठ चित्रे १९३८ साली अमेरिकेत पुस्तकरूपाने निघाली. प्रस्तावना ऑल्डस हक्सलीची होती. बाँब टाकणारी विमाने, धावणारी माणसे, आणि त्याच मुलांनी काढलेली शांततेच्या दिवसांची घरे.

त्यानंतर चार वर्षांनी, डिसेंबर १९४२ मध्ये, फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार बाई नाझींच्या तेरेझीन इथल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात आली. तिथे ती मुलांना चित्रकला शिकवू लागली. कागद मिळत नसे, तेव्हा टाकून दिलेले छापील फॉर्म, वेष्टणांचे कागद वापरले. तिचा एक आग्रह होता. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर नाव घालायचे. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला पाठवले आणि तिथे तिला मारले गेले. तिने जपलेली सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये शिल्लक राहिली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यातली बरीचशी मुले परत आली नाहीत. पण कागदावर नाव होते म्हणून यादीशी ताडून ते मूल कोण, किती वर्षांचे, हे सांगता आले. मंडळी, हा नावाचा आग्रह नीट लक्षात ठेवा.

त्याच तेरेझीनमध्ये हेल्गा वाइसोवा नावाची बारा वर्षांची मुलगी होती. तिने पहिल्यांदा बर्फाचा बाहुला करणारी मुले काढली आणि ते चित्र पुरुषांच्या बराकीत वडिलांकडे चोरून पोहोचवले. वडिलांनी उलट निरोप पाठवला, की जे दिसते ते काढ. मग तिने रांगा काढल्या, बंक काढले, भाकरीची गाडी काढली. तिची रवानगी झाली तेव्हा एका नातलगाने ही चित्रे भिंतीत चिणून ठेवली. ती वाचली, चित्रेही वाचली, आणि ती पुढे चित्रकार झाली.

आता आपल्या घराजवळ येऊ. कोल्हापूरच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुले. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून ज्यांना उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात टाकले, त्यांतले हे लोक. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर सुटका झाली आणि जनरल अँडर्सच्या फौजेमागून, इराणमार्गे, ते इथवर आले. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी अनाथ मुलांना आसरा दिला होता. वळिवडे त्याहून कितीतरी मोठे. पंचगंगेकाठी बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, नाटकमंडळी, स्काउट. मोडलेले लहानपण तिथे पुन्हा रुळावर आले.

एका गोष्टीसाठी अँडर्सच्या फौजेला सलाम करावा लागेल. रशियातून बाहेर पडलेल्या पोलिश मुलांकडून तिने त्यांच्या हकिकती लिहून घेतल्या. रात्री दार कुणी वाजवले, आगगाडीच्या डब्यात किती दिवस काढले, वाटेत कोण गेले. ते कागद आज कॅलिफोर्नियातल्या हूवर संस्थेत आहेत. तिकडे पोलंडमध्ये १९४६ साली शाळकरी मुलांनी आपल्याला आठवते ते युद्ध कागदावर काढले. अशी हजारो चित्रे वॉर्साच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. २०२२ नंतर ती युक्रेनच्या मुलांच्या चित्रांशेजारी मांडली गेली. मध्ये पाऊण शतक गेले, पण पळणारी आई आणि जळते घर दोन्हीकडे आहे.

आणि वळिवड्याचे पुढे काय झाले? पोलिश लोक गेले, आणि फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे त्याच जागी वसली. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले. एका निर्वासितांच्या बराकीत दुसरे निर्वासित. पोलिश मुलांची आठवण पोलंडने ठेवली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक आहे, २०१७ साली वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे राहिले. त्यांच्यामागून त्याच जागेत आलेल्या सिंधी मुलांना कराची आणि हैदराबाद सोडताना काय दिसले, याची चित्रे कुणी मागितली का? ज्यांनी तेव्हा पेन्सिल धरली असती ते आज ऐंशीच्या पुढे आहेत.

मुलांच्या चित्रांवर आंधळा विश्वास ठेवा, असे मी म्हणत नाही. स्पेनची चित्रे मदतनिधी गोळा करायला वापरली गेली. शिक्षकाने सुचवलेले मूल काढते, शेजारच्याचे पाहूनही काढते. किती मेले, कोणत्या तारखेला, हे चित्रावरून ठरत नाही. तरीही त्यात पुरावा असतो. सुदानच्या दारफूर भागातून चाड देशात पळालेल्या मुलांची सुमारे ५०० चित्रे २००७ मध्ये वेजिंग पीस या संस्थेने गोळा केली. हल्ला करणारे घोड्यावर होते की गणवेशात, वर हेलिकॉप्टर होते का, कातडीचा रंग कोणता, हे सगळे त्यात होते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ती पार्श्वभूमीचा पुरावा म्हणून स्वीकारली. गावावर हेलिकॉप्टर आले असेल, तर ते कुणाचे, हा प्रश्न सरकारला टाळता येत नाही. रॉबर्ट होमचे चित्रही पुरावाच आहे. ते कुणासाठी काढले हे ओळखून वाचायचे, तसेच मुलाचेही वाचायचे.

आपल्याकडे अशी चित्रे निघालीच नाहीत असे नाही. १९७१ च्या डिसेंबरात माझ्या वयाची मुले शाळेत होती. मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले होते. आमच्या वह्यांच्या मागच्या पानांवर रणगाडे होते, विमाने होती, आणि काहींच्या पानांवर गाडीत बसणारे वडील होते. वर्ष संपल्यावर त्या वह्या रद्दीत गेल्या. जपण्यासारखे काही आहे, असे कुणालाच वाटले नाही. त्याच वर्षी पूर्व बंगालमधून लाखोंनी मुले सीमा ओलांडून आली होती.

म्हणून आज शेवटी उपदेश नको, कामाचे चार शब्द. तुमच्या घरात असे एखादे पान असेल, आजीच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगात घडी करून ठेवलेले, तर ते प्लास्टिकमध्ये सील करू नका. सपाट ठेवा, कोरड्या जागी ठेवा. मागच्या बाजूला पेन्सिलीने चार गोष्टी लिहा. नाव, तेव्हाचे वय, गाव, साल. पान नसेल पण माणूस असेल, तर त्याच्यापुढे कोरा कागद ठेवा आणि सांगा, जे दिसले ते काढा. हात थरथरला तरी चालेल. आणि काढून झाल्यावर विचारा, हे काय आहे? जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत खाली लिहून घ्या, दुरुस्त करू नका.

अब्दुल खालिक आणि मुइझुद्दीनची नावे आपल्याला माहीत आहेत, चेहरे माहीत आहेत, पागोट्यांचा रंगसुद्धा माहीत आहे. फक्त त्यांच्या बाजूने तो तंबू, ते अनोळखी लोक आणि हातात ठेवलेले ते घड्याळ कसे दिसले, ते माहीत नाही. तेवढी एक रिकामी जागा पुढच्या मुलांच्या बाबतीत ठेवायची नाही, हे आपल्या हातात आहे.

पुढच्या भागात पेठेच्या काटेरी कुंपणाबद्दल आणि वेढ्याच्या तोफांबद्दल बोलू. तोवर रजा घेतो. जय हिंद.